अडतीस अंशांची बाई

"घरात माणसं किती?" भिंतीला भोक पाडता पाडता भोयरांनी विचारलं.

"दोन," प्रणिता म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "तीन. मला धरून तीन."

भोयर हसले. चंद्रपुरात महिनाभरात त्यांनी दोनशे घरांत समशीत यंत्र बसवलं होतं, आणि हे असलं उत्तर त्यांना बहुतेक प्रत्येक घरातून मिळत आलं होतं. त्यांनी हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या भिंतीवर वहीच्या पानाएवढी काळी पाटी बसवली, प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक बारीकसा डोळा बसवला आणि खिशातून दोऱ्यात ओवलेली तीन पांढरी बटणं काढली. एक प्रणिताच्या नवऱ्याचं, म्हणजे धनराज गोतमाऱ्यांचं, एक त्यांच्या आईचं, एक तिचं.

"गळ्यात घालून ठेवा. गरम व्हायला लागलं की दाबायचं. एकवीस दिवस यंत्र तुमच्याकडून शिकते. मग तुमचं तुम्हाला ठरवून देते."

"आणि नाही दाबलं तर?" प्रणिताने विचारलं.

"तर त्याला वाटते, सगळं बरं चाललं आहे."

२०४१चा तो उन्हाळा. चंद्रपूरला ऊन काही नवीन नव्हतं. प्रणिताच्या लहानपणीही पारा सत्तेचाळीसला टेकायचा आणि लोक वाळ्याचे कूलर लावून दुपार काढायचे. पण कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. ओल्या वाळ्यातून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते. माणसाचा घाम हेच काम करतो. गेल्या दहाबारा वर्षांत मात्र एप्रिल लागला की समुद्रावरून दमट वारे थेट विदर्भात घुसू लागले होते. पारा पंचेचाळीस आणि वर दमटपणा, म्हणजे वाळा ओला तर राहायचा पण गार व्हायचा नाही, घाम यायचा पण सुकायचा नाही. कूलर भंगारात गेले. माणसं दवाखान्यात गेली. घरोघरी वातानुकूलन हवं झालं, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी ते एकदम लावलं की शहराची वीजच जायची.

म्हणून शीतवाटप केंद्र निघालं. गच्चीवर एक यंत्र, प्रत्येक खोलीच्या छताशी एक झडप, आणि दुपारी बारा ते सहा प्रत्येक घराला गारव्याचा ठरलेला वाटा. तो घरातल्या घरात कुणाला किती द्यायचा हे समशीत ठरवायचं. भिंतीवरचा डोळा खोलीत कोण आहे ते ओळखायचा, कातडीची ऊब मोजायचा, छातीची हालचाल पाहून श्वास आणि नाडी सांगायचा. पण एवढ्यावरून गारव्याचा वाटा ठरवायचा नाही, असा नियम होता. सुरुवातीला एका शहरात यंत्रानेच सगळं ठरवलं, तर लोकांनी ओरड केली की आम्हाला काय होतं ते सांगणारं मशीन कोण? तेव्हापासून माणसाचं बटण हेच प्रमाण मानलं जाऊ लागलं. डोळा फक्त जीवावर बेतलं तर भोंगा वाजवणार होता. नियम चांगला होता. तो करणाऱ्यांनी प्रणितासारख्या बायकांचा विचार केला नव्हता, एवढंच.

एकवीस दिवस सुरू झाले.

सासूबाईंनी, म्हणजे अनसूयाबाईंनी, पहिल्याच दिवशी सत्तावीस वेळा बटण दाबलं. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी, आपल्या खोलीतल्या दिवाणावर बसल्या बसल्या गळ्यातलं बटण चाचपायची आणि दाबायची.

"आई, आताच तर दाबलं तुम्ही," प्रणिता म्हणाली.

"मंग? जन्मभर चूल फुकली म्या. वैशाखात, दार लावून, डोक्यावर पदर घेऊन. तवा कोनी इचारलं होतं का मले? आता हे इचारून राह्यलं तं सांगतो मी." आणि पुन्हा दाबलं.

धनराजचं बटण आठवणीने चालायचं. एसटीच्या आगारात तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट वेळेवर लागायची. जेवून हॉलमध्ये आरामखुर्चीत बसलं की एक दाब, चहाच्या आधी एक दाब. माणूस वाईट नव्हता. प्रणिताचा हात भाजला तर धावत बर्फ आणायचा. पण हात भाजेपर्यंत त्याचं लक्ष जायचं नाही.

प्रणिताने एकदाही दाबलं नाही.

तिने काही ठरवून केलं नव्हतं. पहिल्या दिवशी भाकऱ्या थापताना घाम डोळ्यांत उतरला तेव्हा तिचा हात बटणाकडे गेला होता. पण हाताला पीठ होतं. मग वाटलं, एवढ्यातेवढ्याला कशाला, आईंच्या खोलीतला गारवा इकडे येईल, त्या कुरकुरतील, त्यापेक्षा दहा मिनिटांत भाकऱ्या होतातच आहेत. भाकऱ्या झाल्या, मग वरण होतं. वरण झालं, मग भांडी. धनराजने दारातून विचारलं, "गरम नाही होत ना तुला?" आणि ती म्हणाली, "नाही, माझं काय. मला चालते." हे वाक्य ती इतक्या वर्षांपासून म्हणत आली होती की ते म्हणताना तिला आता विचार करावा लागत नव्हता.

भिंतीवरचा डोळा सगळं बघत होता. स्वयंपाकघर एकोणचाळीस अंश, बाईची नाडी एकशेआठ, कपाळ ओलं, बटण नाही. दुसऱ्या दिवशी तेच. अकराव्या दिवशी तेच. यंत्राने आपल्या परीने प्रामाणिक निष्कर्ष काढला की ही बाई गरम हवेला सरावलेली आहे.

बाविसाव्या दिवशी पाटीवर तीन आकडे उमटले. धनराज, एकोणतीस. अनसूयाबाई, सव्वीस. प्रणिता, अडतीस. त्याच्या खाली हिरव्या अक्षरांत केंद्राचा संदेश: 'आपल्या घरातील एक सदस्य शहरातील सर्वाधिक सहनशील एक टक्का नागरिकांमध्ये आहे. अभिनंदन!'

धनराजला कोण आनंद झाला. त्याने पाटीचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांची रांग लागली. प्रणिताच्या नणंदेने लिहिलं, 'वहिनी म्हणजे लोखंड!' प्रणितालाही थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. शाळा सोडल्यापासून तिचं नाव कुठल्याच यादीत वर आलं नव्हतं.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि छताची झडप तिच्या डोक्यावर हलकेच मिटली.

नियम साधा होता. खोलीत जितकी माणसं असतील त्यांतल्या सगळ्यात नाजूक माणसाचा आकडा खोलीला लागू व्हायचा. प्रणिता एकटी असली तर खोलीचा आकडा अडतीस. हॉलमध्ये सगळे बसले असले तर हवा छान गार. धनराज उठून बाहेर गेला, सासूबाई आपल्या खोलीत गेल्या, की पाचव्या मिनिटाला झडप बंद. ती एकटी शेंगा सोलत बसली असली तरी बंद, डोकं दुखतं म्हणून पडली असली तरी बंद. आपल्याच घरात गार वाऱ्यात बसायचं तर तिला कुणाचा तरी आसरा धरावा लागायचा.

ती सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसू लागली. निवडायचे तांदूळ, शिवायची बटणं, घड्या घालायचे कपडे, सगळं घेऊन त्यांच्या दिवाणापाशी. कधी पाय चेपून द्यायची. म्हातारी सुखावली.

"तीस वर्सांत नाही बसली तू अशी माह्यापाशी," ती म्हणाली.

प्रणिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सांगता येईना की आई, मी तुमच्यापाशी नाही, तुमच्या सव्वीस अंशांपाशी बसले आहे. म्हातारी न्हाणीघरात गेली की झडप मिटायची आणि प्रणिता हातातलं काम तसंच ठेवून ती परत यायची वाट बघायची. आपण इतक्या खालच्या थराला आलो, याची तिला लाज वाटायची. लाजेपेक्षाही थकवा जास्त होता. सकाळी उठतानाच अंग आंबलेलं असायचं. दुपारी डोळ्यांपुढे काजवे यायचे, ती ओट्याला धरून उभी राहायची आणि काजवे गेले की फोडणी द्यायची.

एकदा तिने गुपचूप भोयरांना फोन लावला.

"ताई, त्यात काय? दाबायला लागा. आठवडाभर खरं खरं दाबलं की आकडा खाली येते," भोयर म्हणाले.

"मग यांचे आकडे?"

"घराचा वाटा तर तोच आहे ना. पावसाळ्यापर्यंत वाढत नाही. तुम्हाला द्यायचं तर साहेबांचं दोन अंश वर जाईल, आजीचं एक-दीड."

प्रणिताने "बरं, बघते" म्हणून फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं. एवढे दोन महिने काढायचे, मग पाऊस.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तनू आली.

तनुश्री, त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकला सासर, आठवा महिना लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. नाशिकला हवा बरी होती आणि तनूच्या सासूने तिथेच राहायचं सुचवून पाहिलं होतं. पण पहिलटकरीण माहेरी नाही गेली तर लोक काय म्हणतील, असं इकडे धनराजला वाटलं, अनसूयाबाईंना वाटलं, आणि खरं सांगायचं तर प्रणितालाही वाटलं. लेक घरी येणार म्हणून तिने दोन महिने आधीपासून डिंक आणि खारका निवडून ठेवल्या होत्या.

भोयर पुन्हा आले, चौथं बटण घेऊन.

"हिची नोंद नाशिकची आहे. इथे पाहुणी म्हणून लागेल. पाहुण्याला वेगळा वाटा नाही, घरच्याच वाट्यातून घ्यावं लागते. पण गरोदर आहे म्हणून सुरुवात पंचवीसवर. पुढे तिचं बटण ठरवेल."

पहिले काही दिवस तनूच्या खोलीत छान गारवा होता. हॉलचा आकडा एकतीसवर गेला. धनराज बनियनवर बसू लागला आणि लेकीसाठी एवढं चालतं असं दिवसातून दोनदा म्हणू लागला. अनसूयाबाई म्हणाल्या, "माह्या खोलीत आता पह्यल्यासारखं नाही लागत बाप्पा." कुणाच्या मनात काही नव्हतं. पण तनूच्या कानावर सगळं पडत होतं.

आणि तनूला खोलीत एकटं करमायचं नाही. ती माहेरी आली होती ती आईसाठी. आई दिवसभर स्वयंपाकघरात, म्हणून तीही पाटावर नाहीतर खुर्चीवर तिथेच येऊन बसायची, लसूण सोलायची, सासरच्या गोष्टी सांगायची. ती आली की झडप थोडी उघडायची. पण गॅस पेटलेला, दार बाहेरच्या उन्हाकडे उघडं, त्या चिमूटभर गारव्याचा काय पाड लागणार!

"जा, आपल्या खोलीत जाऊन पड," प्रणिता म्हणायची.

"बसू दे गं. तू एकटीच करून राहिली सगळं."

"गरम होते ना तुला? बटण दाब."

"मला चालते, आई."

प्रणिताने ते ऐकलं. ऐकूनही तिला काही वाटलं नाही, कारण तिच्या लेखी शहाण्या मुलीने असंच म्हणायचं असतं. उलट क्षणभर कौतुकच वाटलं, की पोरीला वळण चांगलं लागलं आहे.

पाटीवर तनूचा आकडा सव्वीस झाला. मग साडेसत्तावीस. मग एकोणतीस. चौघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. धनराजच्या हॉलचा आकडा पुन्हा तीसवर उतरला तेव्हा त्याला वाटलं, केंद्राने वाटा वाढवला असेल.

तनू आल्याच्या सोळाव्या दिवशी दुपारी पावणेदोनला प्रणिता पोळ्या लाटत होती आणि तनू कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होती. बोलता बोलता तनू थांबली. प्रणिताने मागे वळून पाहिलं तर तिच्या हातातली सुरी खाली पडली होती आणि ती खुर्चीवरून एका बाजूला घरंगळत होती. प्रणिताने पीठभरल्या हातांनी तिला धरलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि त्यावर घामाचा टिपूस नाही. त्याच वेळी भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला. अनसूयाबाई आपल्या खोलीतून ओरडत होत्या, "काय झालं? अरे धनराज, पाह्य ना काय झालं!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, काखेत आणि मानेशी बर्फ ठेवला आणि पोटावर यंत्र टेकवून बराच वेळ ऐकत राहिल्या. प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. त्या दहा मिनिटांत तिने देवाला काही मागितलं नाही, कारण मागायला शब्दच सुचले नाहीत.

"बाळाचे ठोके फार वाढले होते. आता उतरत आहेत," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "अजून अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते. आईचं अंग तापलं की पोटातल्या बाळाला पळून जायला जागा नसते, काकू. ते आईच्याही वर अर्धा अंश तापतं. घरी समशीत नाही का तुमच्याकडे?"

"आहे," धनराज म्हणाला. "सगळं नवीन बसवलं आहे."

"मग ही इतकी तापली कशी?"



दोन दिवसांनी तनूला घरी आणलं. सकाळची वेळ होती, बारा वाजायला अवकाश होता, म्हणून सगळ्या झडपा अजून उघड्या होत्या. धनराज तिची पिशवी आत ठेवून, शर्ट काढून हॉलमध्ये पेपर घेऊन बसला. प्रणिता पाटीसमोर उभी राहिली आणि महिनाभरात पहिल्यांदा तिने ती नीट वाचली. तनुश्री, साडेबत्तीस. खाली बारीक अक्षरांत: 'सोळा दिवसांत बटणाचा वापर: शून्य.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. तनू तिथेच येऊन बसली होती, खुर्चीत, हातावर सलाईनची पट्टी.

"एकदा नाही दाबलं तू? एकदाही? पोटात लेकरू आहे आणि तुला एक बटण दाबायला जड जाते? कुणी शिकवलं तुला हे?"

तनूला रागवायचंही त्राण नव्हतं.

"आजीला गरम होते, बाबांना गरम होते," ती म्हणाली. "मी तरी कशी दाबू? तू कुठे दाबते, आई?"

प्रणिताने तोंड उघडलं. मला चालते, हे शब्द नेहमीसारखे ओठांवर आले होते. समोर लेक बसली होती, डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू होतं जे प्रणिताने आरशात आयुष्यभर पाहिलं होतं. पोरीला वळण लागलं होतं. प्रणितानेच लावलं होतं, एकही शब्द न बोलता, रोज तिच्या डोळ्यांदेखत ओट्याशी उभं राहून. आणि पोटात मुलगी असली तर तिलाही तनू हेच देणार होती. प्रणिताला भीती वाटली. दवाखान्यात वाटली होती त्याहून जास्त वाटली.

बाहेर केंद्राची शिट्टी झाली. बारा वाजले. घरातल्या झडपा सावकाश सरकल्या, ज्याच्या त्याच्या आकड्यावर.

प्रणिताने हात पदराला पुसले. गळ्यातलं बटण पोलक्याच्या आत गेलं होतं, ते बाहेर काढलं. त्याच्यावरचं पातळ प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. तिने नखाने ते सोललं आणि बटण दाबलं.

पाटीवर अक्षरं उमटली आणि एक शांत आवाज ती वाचू लागला: "ही नोंद आपल्या नेहमीच्या सवयीशी जुळत नाही. बटण चुकून दाबलं गेलं का? चुकून दाबलं नसेल तर पुन्हा दाबा."

तिने पुन्हा दाबलं. इतक्या जोरात, की बोटाला वळ उठला.

डोक्यावरची झडप उघडली. गार हवेचा झोत तिच्या मानेवर, पाठीवर, घामाने चिकटलेल्या पोलक्यावर आला, आणि तिने दोन्ही हातांनी ओटा धरला. हॉलमधून झडप मिटल्याचा आवाज आला. पलीकडून अनसूयाबाईंनी विचारलं, "कोनं दाबलं?"

धनराज दारात येऊन उभा राहिला. बनियन, हातात पेपर.

"हॉलमधलं बंद झालं," तो म्हणाला. "चुकून दाबलं गेलं काय तुझ्याकडून?"

"नाही," प्रणिता म्हणाली. "मला गरम होऊन राहिलं आहे."

त्याला ते एकदम कळलं नाही. त्याने वर उघड्या झडपेकडे पाहिलं, मग मागे वळून पाटीवरच्या अडतीस आकड्याकडे, मग तिच्याकडे. त्याच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

प्रणिताने खरंच आठवून पाहिलं. त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून तिला नीट उत्तर द्यायचं होतं.

"तीस वर्षं झाली असतील," ती म्हणाली.

धनराज तिथेच, गार वाऱ्याच्या बाहेर, उंबऱ्यापलीकडे उभा राहिला. प्रणिताच्या मागे खुर्चीत बसलेल्या तनूने आपल्या गळ्यातलं बटण मुठीत घेतलं आणि दाबलं. पाटीने तिलाही तोच प्रश्न विचारला. तिने पुन्हा दाबलं.